जुनी कॉर्व्हेट परवडवायची असेल तर : सी३ आणि सी४ घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

न्यू जर्सी आणि आसपासच्या राज्यांत राहणारे आमचे मराठी ग्राहक आम्हाला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात : "किमती चढतच चालल्यात, आता जुनी कॉर्व्हेट घेणे जमेल का?" (कॉर्व्हेट म्हणजे शेव्हरोलेची दोन आसनांची स्पोर्ट्स कार. सी३ ही तिची तिसरी पिढी, १९६८ ते १९८२, आणि सी४ चौथी, १९८४ ते १९९६.) जमेल. मात्र गाडी निवडताना रंग आणि क्रोम मागे ठेवून गंज आणि सुटे भाग आधी पाहावे लागतील. खरेदीची किंमत एकदाच मोजायची असते. खिसा रिकामा होतो तो नंतर, आणि तो कुठे होतो हे आधीच ओळखता येते.

कोणत्या वर्षाची घ्यावी

१९५३ साली मिशिगनमधल्या फ्लिंट इथे पहिल्या ३०० कॉर्व्हेट तयार झाल्या, तेव्हा गाडी ३,४९८ डॉलरला होती. १९७९ मध्ये मूळ किंमत १०,२२० डॉलर झाली आणि तीनच वर्षांत, १९८२ मध्ये, १८,२९० डॉलर. त्यामुळे महागाई या गाडीला नवी नाही. आज जुन्या गाड्यांच्या किमतींत जो फरक दिसतो तो मुख्यतः किती गाड्या बनल्या यावरून पडतो. मागची काच मधोमध दुभागलेली कूपे (बंद छपराची गाडी) फक्त १९६३ साली निघाली आणि तिच्या १०,५९४ गाड्या बनल्या. १९७९ साली एकाच वर्षात ५३,८०७ कॉर्व्हेट बनल्या. पहिली सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेली आहे, दुसरी अजून गेलेली नाही.

दुसरे कारण इंजिनाची ताकद. १९७५ च्या साध्या एल-४८ इंजिनाला १६५ अश्वशक्ती, तर १९७० च्या एलटी-१ ला ३७०, असे वाचून लोक पहिलीकडे पाठ फिरवतात. पण हे दोन आकडे एकाच मापाचे नाहीत. १९७२ पासून पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर जोडलेल्या स्थितीतली ताकद छापायला सुरुवात झाली. एलटी-१ चाच छापील आकडा १९७१ मध्ये ३३० होता, १९७२ मध्ये २५५ झाला, आणि त्यातली बरीचशी घट मोजण्याच्या पद्धतीची आहे. प्रदूषण नियमांमुळे ताकद खरोखर कमी झाली हेही तितकेच खरे, तरी रविवारच्या फेरफटक्याला १९७८ ची गाडी पुरून उरते.

पहिल्यांदा घेणाऱ्याला आम्ही १९७६ ते १९७९ ची सी३ सुचवतो. ब्रेक, मागचे सस्पेन्शन, चासी यांची रचना १९६८ च्या गाडीसारखीच आहे, त्यामुळे भाग भरपूर मिळतात. १९८१ आणि १९८२ च्या गाड्यांत संगणक आला. त्या वाईट नाहीत, पण कार्ब्युरेटर जाणणारा मेकॅनिक तिथे पुरत नाही. उघड्या टपाची हवी असेल तर १९७५ नंतर थेट १९८६ मध्येच मिळते, म्हणून १९७५ ची उघडी गाडी त्याच वर्षाच्या कूपेपेक्षा नेहमीच महाग.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी हे आधी वाचावे : तिथे १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धूरतपासणी लागत नाही, १९७६ पासून पुढे लागते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढून टाकलेली १९७७ ची गाडी तिथे नेली, तर गेलेला प्रत्येक भाग परत शोधून बसवावा लागतो. हा खर्च भाव ठरवतानाच धरा.

गंज : फायबरच्या आतला

"कॉर्व्हेट फायबरग्लासची, तिला गंज कसा लागणार?" हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. बाहेरचे कवच फायबरग्लासचे असले तरी काच, दारे आणि छप्पर ज्या सांगाड्यावर उभे असतात तो पोलादी आहे. अमेरिकेत त्याला बर्डकेज म्हणतात, म्हणजे पिंजरा. त्याच्याखाली पोलादी चासी. पिंजरा कुजला तर दुरुस्तीसाठी फायबर कापावे लागते किंवा अख्खी बॉडी चासीवरून उचलावी लागते. तिथे गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्ती मोठी होते, नाकापेक्षा मोती जड.

पाणी शिरते समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांतून. स्टीलच्या पट्टीमागे ते साचते, खांबाच्या पोकळीतून खाली उतरते आणि दाराच्या बिजागरीच्या खांबाच्या तळाशी मुरते. म्हणून तपासणी खालून वर करायची :

१. दोन्ही आसनांसमोर, पायांच्या बाजूला असलेले प्लास्टिकचे पॅनेल काढा. मोजकेच स्क्रू आहेत. आत बॅटरी मारा. वरवरचा तांबूस थर चालतो. पापुद्रे निघत असतील, तळाशी गंजाचा भुगा पडला असेल तर थांबा.

२. दार उघडून टोकाला धरून वर उचला. खालीवर हलले तर बिजागरीकडे नीट पाहा. बिजागरीच्या पिनपाशी खेळ असेल तर बुश झिजले आहेत, ते स्वस्तात बदलता येतात. बिजागरीसकट खांब हलत असेल तर गाडी सोडून द्या.

३. गाडी लिफ्टवर घेऊन, मागच्या चाकांच्या अगदी पुढे जिथे चासीची नळी वर वळते तिथे टोच्या दाबून पाहा. त्या वळणात आतल्या बाजूने चिखल आणि रस्त्यावरचे मीठ साचते. हातोडी हलकी मारली की चांगले पोलाद खणखणते, कुजलेले भद्द वाजते. ताजे काळे अंडरकोटिंग फक्त याच जागी दिसले तर ते का लावले, हे आधी विचारा.

४. काचेच्या कडेची पट्टी काढू द्यायला विक्रेता सहसा तयार नसतो. निदान कोपऱ्यांजवळ रंग फुगला आहे का ते बोटाने चाचपा आणि डॅशबोर्डखालचा गालिचा ओला आहे का पाहा.

लोहचुंबकाने चालणारा रंगजाडीचा मीटर फायबरग्लासवर काहीच दाखवत नाही, त्याला ध्वनिलहरींवर चालणारा लागतो. नसेल तर नाण्याने टिचकी मारत जा : जाड पुट्टीवर आवाज बोदा येतो. कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा रंगावर दिसल्या, तर खालचे फायबरच तडकलेले असू शकते. वरून पुन्हा रंग मारून त्या जात नाहीत, वर्षभरात परत येतात. फायबरवरचा जुना रंग वाळूच्या माऱ्याने कधीही काढू नये; पृष्ठभाग खरवडला जातो. नीट केलेले रंगकाम दहा हजार डॉलरच्या आत क्वचितच बसते. त्यामुळे रंग जुना पण पिंजरा कोरडा असलेली गाडी आम्ही रंग नवा पण पिंजरा कुजलेल्या गाडीपेक्षा कधीही पसंत करू.

मागची चाके आणि ब्रेक

सी३ च्या मागच्या सस्पेन्शनमध्ये हाफ-शाफ्टच (डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणारा फिरता दांडा) वरच्या आर्मचे काम करतो. तो डिफरन्शियलच्या ज्या योकला (जोडाच्या काट्याला) जोडलेला असतो, त्या योकचे आतले टोक घासून आखूड झाले की शाफ्ट आतबाहेर सरकतो आणि मागची चाके वरच्या बाजूने आत झुकतात. मागे उभे राहून पाहिले तरी हा कल दिसतो. चाक हवेत असताना वरखाली धरून हलवा. ठक-ठक जाणवली तर योक, युनिव्हर्सल जॉइंट किंवा बेअरिंग यांपैकी एक गेलेले आहे.

मागच्या चाकांच्या बेअरिंगना बाहेरून ग्रीस भरायची सोय नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे तशीच राहतात. योग्य खेळ ०.००१ ते ०.००८ इंच, त्यापेक्षा जास्त असेल तर ट्रेलिंग आर्म (मागचे चाक धरणारा लांब दांडा) उतरवून बेअरिंग नवी बसवावी लागतात. आर्मचा पुढचा बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो. तो निघत नाही, पट्टीच्या करवतीने दोन्हीकडून कापावा लागतो. एका बाजूचे काम करून दुसरी सोडू नका. एवढे खोलले आहे तर बुश, स्टेनलेसच्या शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) आणि पार्किंग ब्रेकचे भाग त्याच वेळी बदला. मजुरी एकदाच लागते.

चारही चाकांना चार-पिस्टनचे कॅलिपर (डिस्क दाबून धरणारा ब्रेकचा भाग) ही १९६५ पासून १९८२ पर्यंतची पद्धत. रचना उत्तम, दोष एकच : कॅलिपर बिडाचे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, गाडी उभी राहते, सिलिंडरच्या भिंतीला खड्डे पडतात आणि सील गळू लागते. नवे रबर घालून हे सुटत नाही. आत स्टेनलेसची नळी बसवलेले कॅलिपर घ्या आणि ऑइल दर दोन वर्षांनी बदला. नवे कॅलिपर बसवूनही पेडल मऊ होत असेल तर डिस्क तपासा. डिस्क फिरताना ०.००५ इंचापेक्षा जास्त डगमगत असेल तर ती पिस्टनला सतत मागेपुढे ढकलते आणि सीलच्या ओठाखालून हवा आत खेचली जाते. आठवड्याला ब्रेकमधली हवा काढत बसणाऱ्या मालकांच्या गाडीत बहुतेकदा हेच निघते.

बारीकसारीक, पण त्रासदायक

सी३ चे हेडलाइट इंजिनाच्या व्हॅक्यूमवर उघडतात. एक आधी, एक नंतर उघडत असेल किंवा गाडी उभी असताना काही तासांत ते आपोआप अर्धवट वर येत असतील, तर नळी किंवा ॲक्च्युएटर (दिवे उचलणारा व्हॅक्यूमचा डबा) गळतो आहे. नळ्यांचा पूर्ण संच आणून एका दिवशी सगळ्या बदला. एकेक शोधत बसण्यात वेळ वाया जातो.

हायवेवर तापणारी सी३ आली की आम्ही रेडिएटरच्या आधी त्याच्या भोवतीचे रबर आणि पुढच्या बंपरखालची पट्टी पाहतो. ही गाडी हवा खालून घेते. पट्टी तुटलेली, रबर गळालेले असेल तर हवा रेडिएटरला वळसा घालून निघून जाते आणि नवा रेडिएटरही तापतो.

दिवे मंद, काटे उड्या मारतात, अशा तक्रारींत आधी अर्थिंग पाहा. फायबरमधून वीज वाहत नाही, प्रत्येक अर्थिंगची तार पिंजऱ्याला किंवा चासीलाच जोडलेली असते आणि तो जोड गंजतो.

इंजिन ऑइल घेताना झिंक १,००० पीपीएमच्या वर असलेले घ्या. या इंजिनांत कॅमवर सपाट टॅपेट घासतात आणि आजच्या साध्या ऑइलमध्ये झिंक कमी असते.

सी४ : स्वस्त, पण वर्ष पाहून

१९८४ ते १९९६ ची सी४ आजही या घराण्यातली सर्वात परवडणारी. १९८४ चे क्रॉस-फायर इंजिन आणि १९८८ पर्यंतचा चार-अधिक-तीन गिअरबॉक्स (चार गिअर, त्यातल्या वरच्या तीनना ओव्हरड्राइव्ह) यांचे भाग महाग आणि जाणकार थोडे. पहिली गाडी म्हणून टाळा. १९८९ पासून झेडएफ कंपनीचा सहा गिअरचा गिअरबॉक्स मिळतो.

१९९२ पासूनच्या ३०० अश्वशक्तीच्या एलटी१ इंजिनात (१९७० च्या एलटी-१ पेक्षा हे वेगळे) ऑप्टिस्पार्क नावाचा डिस्ट्रिब्युटर वॉटर पंपाच्या बरोबर खाली बसवला आहे. पंप छोट्या छिद्रातून ठिबकू लागला की पाणी थेट त्यावर पडते आणि इंजिन अडखळते, विशेषतः पावसाळी हवेत. १९९५ आणि १९९६ च्या ऑप्टिस्पार्कला आतली ओल खेचून घेण्याची सोय आहे, म्हणून तीच दोन वर्षे शोधा. बदलायची वेळ आली तर पंप, ऑप्टिस्पार्क आणि पुढच्या कव्हरची सील एकत्र बदला.

नंबर जुळणे

मूळ इंजिन असेल तर उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे, ब्लॉकच्या सपाट जागेवर गाडीच्या व्हीआयएनचे (ओळख क्रमांकाचे) शेवटचे आकडे कोरलेले असतात. व्हीआयएन काचेतून डाव्या खांबावर दिसतो. १९७२ ते १९८० च्या गाड्यांत त्यातले पाचवे अक्षर इंजिन सांगते. ती सपाट जागा घासून परत कोरलेली असू शकते. कारखान्याच्या यंत्राच्या बारीक समांतर रेषा तिथे दिसायला हव्यात. पण गाडी चालवायला घेत असाल तर बदललेल्या इंजिनाची गाडी मुद्दाम शोधा. ती स्वस्त मिळते आणि चालवताना काही कमी पडत नाही.

पैशांचे गणित

समजा १९७८ च्या दोन गाड्या समोर आहेत : एक १२,००० डॉलरला, "थोडे काम बाकी", दुसरी २०,००० ला, कामाच्या पावत्यांसह. पहिलीला चार कॅलिपर, दोन्ही ट्रेलिंग आर्म, टायर, टी-टॉपची (छपराच्या काढता येणाऱ्या दोन तुकड्यांची) रबरे आणि रंग लागला तर खर्चात ती दुसरीला सहज मागे टाकते, आणि वर्षभर गॅरेजात उभी राहते ती वेगळीच. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. हाती २०,००० असतील तर १६,००० पर्यंतचीच गाडी पाहा आणि उरलेले पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. सगळी रक्कम कर्जाने उचलून ही गाडी घेऊ नका.

विमा "ठरलेल्या किमतीचा" घ्या, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर कंपनी आधी कबूल केलेली रक्कम देते. "सांगितलेल्या किमतीच्या" पॉलिसीत नाव सारखे वाटले तरी कंपनी घसारा धरून कमी देऊ शकते. किमती वाढत असताना दर दोन वर्षांनी रक्कम सुधारून घ्या, फोटो आणि पावत्या जपून ठेवा. अशा पॉलिसीत बंद गॅरेज आणि मैलांची मर्यादा बहुधा असतेच. न्यू जर्सीत २५ वर्षांवरील गाडीला ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते, पण तिचा वापर प्रदर्शने आणि शैक्षणिक कारणांपुरता आहे; रोज ऑफिसला जाणार असाल तर साधी प्लेटच ठेवा.

हिवाळ्यात ठेवताना

टाकी पूर्ण भरा, स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारे द्रव्य) घाला आणि ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचेल इतके, दहा मिनिटे तरी, गाडी चालवा. ऑइल गाडी ठेवण्याआधी बदला, नंतर नव्हे. जुन्या ऑइलमधले आम्ल हिवाळाभर बेअरिंगवर बसते. बॅटरीची ऋण तार काढा किंवा मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर) लावा. एक्झॉस्टच्या आणि हवा आत घेण्याच्या तोंडांना स्टीलचा काथ्या लावा, उंदीर तारा कुरतडतात. काथ्या लावला आहे याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा. दर आठवड्याला पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करू नका. एवढ्यात सायलेन्सर तापत नाही, आत पाणी साचते आणि तो आतून गंजतो. टायरवरचा चार आकडी कोड पाहा : पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांपुढचा टायर कितीही गुबगुबीत दिसला तरी वसंतात रस्त्यावर येण्याआधी बदला.