बाळाचं संरक्षण आईच्या दंडातून

पावसाळ्यात वावरातून परतलं की पायाला जी काळी माती चिकटते, तिच्यात आणि गोठ्यातल्या शेणात धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. विदर्भातलं कडक ऊनही त्यांना संपवत नाही. ते वर्षानुवर्षं पडून राहतात आणि हवा न पोचणारी जखम मिळाली की वाढू लागतात. नुकतीच कापलेली नाळ म्हणजे नेमकी तशी जागा. घरच्या बाळंतपणात ती विळ्याने कापली, वर राख किंवा शेण लावलं, तर जंतू थेट आत जातात.

असं बाळ पहिले दोन दिवस छान दूध ओढतं. मग जबडा आवळतो, दूध तुटतं. जंतूचं विष मज्जारज्जूपर्यंत जाऊन स्नायू सैल करणारे संदेश अडवतं. नुसत्या स्पर्शानेही अंग ताठतं. १९८८ साली जगभरात अंदाजे ७,८७,००० नवजात बाळं याने दगावली, बहुतेक गरीब देशांतली. २०१८ मध्ये हा अंदाज २५,००० वर आला होता.

जन्मल्यावर बाळाला लस देऊन भागत नाही. प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिनं, तयार व्हायला आठवडे लागतात, विष तेवढं थांबत नाही. म्हणून लस आईला. तिची प्रतिपिंडं वारेतून बाळात उतरतात आणि पहिले काही महिने त्याला सांभाळतात. गरोदरपणाची नोंद होताच टीडीचा (धनुर्वात आणि घटसर्पाची लस) पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा. आधीच्या गरोदरपणात दोन्ही झाले असतील आणि तीन वर्षं उलटली नसतील, तर एक बूस्टर पुरतो.

मला काळजी वाटते ती या चार आठवड्यांची. मेळघाटातली कुटुंबं याच काळात कामासाठी बाहेर पडलेली असू शकतात. पहिलटकरीण माहेरी गेलेली असते. दुसरा डोस बाळंतपणाच्या निदान दोन आठवडे आधी व्हायला हवा, नाहीतर प्रतिपिंडं बाळापर्यंत पोचायला वेळच उरत नाही.

भारतात २०१५ साली या आजाराचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात वर्षाला हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. बीजाणू मात्र मातीतच आहेत. शिवाय धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे शेजारणीने घेतलेली लस आपल्या बाळाच्या कामी येत नाही. माहेरी किंवा कामावर जाताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असलं, तर तिथल्या उपकेंद्रातल्या नर्सबाईला राहिलेला डोस लगेच दिसतो.