सेफ्टी रेझरने दाढी

सेफ्टी रेझरने दाढी : दोन्ही कडांना धार असलेले एकच पातळ ब्लेड रेझरच्या डोक्यात आवळून, ब्रशने केलेल्या साबणाच्या फेसावरून घरच्या घरी दाढी करण्याची पद्धत. गोव्यातल्या आजच्या आजोबांच्या पिढीला ती रोजची होती. पुढे दोन-तीन पात्यांची काट्रिज आणि वापरून टाकायचे प्लास्टिकचे रेझर आले आणि हे रेझर कपाटात गेले. आता काही तरुण पुन्हा तिच्याकडे वळतात, त्याला बहुधा दोन कारणे असतात : काट्रिजचा खर्च आणि मानेवर उठणारे पुरळ. ही पद्धत अवघड नाही, पण ती हाताला वेगळे वळण मागते.

वस्तऱ्याच्या पात्याला आडोसा करून कापण्याचा धोका कमी करण्याची कल्पना जुनी आहे. झां-झाक पेरे या फ्रेंच सुरीकाराने १८व्या शतकात तसा लाकडी आडोसा सुचवला. अमेरिकेत काम्फे बंधूंनी १८८० मध्ये पेटंट घेतले. मात्र त्यांचे पाते जाड होते आणि त्याला पुन्हा पुन्हा धार लावावी लागे. पत्र्याइतके पातळ, धार न लावता बदलायचे ब्लेड ही किंग कॅम्प जिलेट यांची कल्पना. इतक्या पातळ पोलादाला पाणी देण्याचे तंत्र विल्यम निकर्सन या अभियंत्याने बसवले. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपली. १९०४ मध्ये पेटंट मिळाले. भारतात ठाण्याच्या कारखान्यातले सुपरमॅक्स आणि कोलकात्याच्या मल्होत्रा उद्योगातले टोपाझ ही नावे पाच ब्लेडच्या पुडीमुळे घरोघरी पोचली. सलूनमध्ये हेच ब्लेड कागदासकट मधोमध मोडून अर्धे पाते वस्तऱ्यात घालतात.

ब्लेड साधारण ४३ मिमी लांब, २२ मिमी रुंद आणि फक्त ०.१ मिमी जाड असते. नुसते हातात धरले तर ते लवते. रेझरच्या टोपणाखाली ते किंचित वाकवून आवळले जाते आणि त्या बाकामुळे ताठ होते. म्हणून ब्लेड वाकडे बसले किंवा मूठ सैल राहिली तर एका बाजूची धार जास्त बाहेर येते आणि चावते. ब्लेड नेहमी आखूड कडांनी धरावे. दोन्हीकडची धार सारखी डोकावते का, हे समोरून पाहूनच सुरुवात करावी. नवशिक्याने मध्यम वजनाचा, बंद कडेचा (दातेरी नसलेला), तीन भागांत सुटणारा साधा रेझर घ्यावा. महागडा रेझर लवकर शिकवतो असे नाही. पहिला पैसा चांगल्या साबणावर किंवा क्रीमवर खर्च करणे केव्हाही शहाणपणाचे.

फेसाच्या बाबतीत गोव्याचे पाणी मदतीला असते. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून साय धरतात आणि फेस मारतात. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी सहसा मऊ असते, त्यामुळे थोड्या साबणातही भरपूर फेस होतो. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी मात्र उन्हाळ्यात मचूळ होते. तिथे दाढीपुरते नळाचे पाणी तांब्याभर बाजूला ठेवलेले बरे. दाढी आंघोळीनंतर करावी, किंवा निदान दोन-तीन मिनिटे चेहरा कोमट पाण्याने भिजवावा. पाणी प्यायलेला केस फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. ब्रश भिजवून झटकायचा, बदामाएवढे क्रीम घ्यायचे आणि थेंबाथेंबाने पाणी घालत गालावरच गोल घोळवायचे. फेस फेटलेल्या दह्यासारखा दाट आणि तकतकीत हवा. त्यात मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झाले, आणि ब्रश ओढू लागला तर कमी पडले. ब्रशने केस उभे राहतात, हा त्याचा खरा उपयोग.

पुढची गोष्ट हाताची. काट्रिजला मान वळते, त्यामुळे ते दाबून ओढले तरी चालते. सेफ्टी रेझरला तसा दाब चालत नाही. रेझरचे वजनच पुरेसे असते, हाताने फक्त दिशा द्यायची. कोन सापडण्याची एक पद्धत सोपी आहे : रेझरचे टोपण गालावर सपाट टेकवायचे, म्हणजे मूठ जमिनीला समांतर राहते, आणि मग मूठ हळूहळू खाली आणायची. एका ठिकाणी धार केसाला भिडते आणि बारीक खरखर ऐकू येते. पाते तेव्हा कातडीशी साधारण ३० अंशांत असते. तो आवाज ओळखीचा झाला की आरशापेक्षा कानावर जास्त भरवसा ठेवता येतो. फटकारे इंच-दीड इंचाचे असावेत, मोकळ्या हाताने कातडी ताणून धरावी, आणि दोन-तीन फटकाऱ्यांनंतर रेझर पाण्यात खळबळावा.

गाल दोन-चार दाढ्यांत जमतात. नवशिक्याचे रक्त निघते ते बहुधा मानेवर आणि हनुवटीवर. जबड्याच्या हाडाखाली केस वरून खालीच वाढतात असे गृहीत धरणे ही सर्वांत मोठी चूक. कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना ते आडवे, कधी खालून वर वाढतात, आणि काहींच्या मानेवर भोवरेही असतात. म्हणून दाढी करण्याच्या आदल्या दिवशी, कोरड्या खुंटांवरून बोटे चारही दिशांनी फिरवून पाहावीत. ज्या दिशेला बोट सहज सरकते ती केसाची सुलट बाजू, आणि जिकडे अडते ती उलट. कंठमण्यावर सरळ पाते कधी फिरवू नये. तिथली कातडी बाजूला ओढून, सपाट भागावर आणून मग दाढी करावी.

पहिला हात सुलट, पुन्हा फेस लावून दुसरा आडवा, इतके पहिला महिनाभर पुरे. उलटा हात मारल्याशिवाय चेहरा गुळगुळीत होत नाही हे खरे, पण तो हात शिकाऊ माणसासाठी नाही. फार खोल कापलेला कुरळा केस वाढताना कातडीतच शिरतो, आणि मानेवर पुरळ येते ते त्यामुळेच. ज्या पुरळाला कंटाळून रेझर घेतला, तेच उलट्या हाताच्या घाईत परत येते.

श्रावणात दाढी न करण्याचा नेम असलेल्या घरांत गणेश चवथीच्या तोंडावर महिन्याभराची दाढी उतरवायची असते. ती थेट रेझरने काढू नये. लांब केस धार आणि तिच्याखालचा आडोसा यांच्या मधल्या फटीत अडकतात आणि ओढले जातात. आधी कात्रीने किंवा ट्रिमरने केस खुंटापर्यंत आणावेत, मग नवे ब्लेड लावावे. महिनाभर झाकलेली कातडी नाजूक झालेली असते, त्या दिवशी एकच हात मारून थांबावे.

दाढीनंतर गार पाणी आणि ओल्या चेहऱ्यावर तुरटीचा खडा. तुरटी बारीक रक्तस्राव थांबवते, आणि जिथे झोंबते तिथे हात जड पडला होता हेही कळवते. तिच्याइतका स्वस्त गुरू या विद्येत दुसरा नाही.

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या महिन्यांत न्हाणीत काहीच वाळत नाही. ब्रशला कुबट वास येतो, रेझरच्या आट्यांत साबण साचून क्रोमच्या मुलाम्याखालची धातू खायला लागतो. यासाठी ब्रश पिळून, झटकून, हवेशीर खिडकीत उलटा टांगावा. पावसाळ्यात कृत्रिम केसांचा ब्रश डुकराच्या केसांच्या ब्रशापेक्षा लवकर वाळतो. रेझर सोडवून धुवावा. ब्लेडची धार टॉवेलने पुसू नये, नुसती झटकावी. स्टेनलेस ब्लेडही डाग धरते. एक ब्लेड चार-पाच दाढ्यांना पुरते, नंतर ते ओढू लागते. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असते, तरी केस धारेला तिरका भिडला की तिचे सूक्ष्म टवके उडू शकतात, हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. दुसऱ्याचे ब्लेड वापरू नये. रक्तातून पसरणारी कावीळ त्यातून लागू शकते.

वापरलेली ब्लेड सुक्या कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकणे हा दुसऱ्याच्या हातावर केलेला अन्याय आहे, कारण ती पिशवी कुणीतरी हातांनीच निवडते. रिकाम्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून ब्लेड त्यात सोडत जावे. असा डबा भरायला काही वर्षे लागतात. भरला की चिकटपट्टीने बंद करून, वर ‘ब्लेड’ असे ठळक लिहून, कचरा नेणाऱ्याच्या हाती वेगळा द्यावा. विमानात ब्लेड हातातल्या बॅगेत चालत नाही. विमानतळ दाबोळीचा असो वा मोपाचा, ते चेक-इन सामानातच ठेवावे.