कातडे वाळवणे (विदर्भ)

सोललेल्या किंवा कमावलेल्या कातड्यातले पाणी काढून ते टिकाऊ करण्याची क्रिया. ताज्या कातड्याच्या वजनात साधारण 60 ते 70 टक्के पाणी असते. ते 15 टक्क्यांच्या आसपास आले की कुजवणाऱ्या जंतूंची वाढ थांबते. विदर्भातल्या खेड्यांत हे काम ऊन-वाऱ्यावर होत आले आहे, त्यामुळे त्याला ऊर्जा लागते हे कुणी धरतच नाही.

हिशेब मात्र सोपा आहे. म्हशीचे 20 किलोचे ओले कातडे घेतले आणि त्यात 65 टक्के पाणी धरले, तर वाळल्यावर सव्वाआठ किलो उरते. म्हणजे पावणेबारा किलो पाणी उडाले. किलोभर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 0.67 युनिट उष्णता लागते, म्हणजे एका कातड्याला 8 युनिट, तेही काहीच वाया गेले नाही तर. गरम हवेच्या बंद खोलीत निम्मी उष्णता ओलसर हवेबरोबर बाहेर गेली, तर हाच आकडा 16 होतो.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, विदर्भाची हवा ही उष्णता फुकट देते. नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठक्क असते. कूलरची ताटी जशी थंड राहते, तसेच सावलीत टांगलेले ओले कातडेही राहते: हवा 45 अंशांची आणि आर्द्रता 15 टक्के असली, तरी पाणी उडत असेपर्यंत कातडे 24-25 अंशांच्या पुढे फारसे जात नाही. अशा वेळी उष्णता वाढवण्यापेक्षा वारा खेळता ठेवणे फायद्याचे. 75 वॅटचा पंखा दहा तास चालला तरी पाऊण युनिटच जळते, कारण वाफेची उष्णता हवाच पुरवते.

घाई नडते ती इथेच. ओले कातडे साधारण 60 अंशांच्या पुढे तापले की त्यातले तंतू आकसतात, विरघळू लागतात आणि कातड्याचा अक्षरशः सरस (चिकटवायचा गोंद) होतो; सरस तयार करतात तोही कातडे उकळूनच. मे महिन्यात दुपारी ज्या टिनावर हात टेकवत नाही, त्यावर ओले कातडे पसरणे म्हणूनच नुकसानीचे. वरचा थर झटकन वाळून कडक होतो, आतला ओलावा अडकतो आणि मधला भाग सडतो. बाहेरून हे ओळखू येत नाही; कमावताना पाण्यात भिजवले की थर सुटतात. उघड्या जमिनीवर पसरल्यास खालची बाजू दमट राहते आणि मातीही चिकटते. त्यापेक्षा मांस नीट खरवडून, कातडे बांबूच्या चौकटीत दोरीने ताणून, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असे सावलीत उभे करणे चांगले. फार सैल बांधले तर सुरकुत्या पडतात, फार ताणले तर पातळ जागी फाटते.

बाभळीची साल किंवा हिरडा वापरून कमावलेले कातडेही सावकाशच वाळवावे लागते. घाई केली तर सालीचा रस पाण्याबरोबर पृष्ठावर येतो, रंग काळवंडतो आणि चामडे तडकते. त्याआधी दाबून, पिळून जेवढे पाणी काढता येईल तेवढे काढावे. दाबून पाणी काढायला वाफेच्या मानाने नगण्य ऊर्जा लागते. वाळवण्यातली सगळ्यात मोठी बचत हीच आहे, आणि तिच्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.

पावसाळ्यात सगळे उलटते. ऑगस्टमध्ये आर्द्रता 85 टक्क्यांवर गेली की पंखा फक्त ओली हवा फिरवतो. कूलर लावून बसलेल्याला हे सांगायला नको. तेव्हा आधार मिठाचा. कातड्याच्या वजनाच्या सुमारे 40 टक्के, म्हणजे 20 किलोच्या कातड्याला 8 किलो मीठ मांसाच्या बाजूला चोळतात. ते पाणी ओढून घेते आणि जंतूंना रोखते. इंधन वाचते खरे, पण पुढे कारखान्यात भिजवताना ते मीठ सांडपाण्यात उतरते आणि तिथून काढणे फार खर्चिक पडते. उलट ऊन-वाऱ्यावर कडक वाळलेल्या कातड्याला पुन्हा नरम करायला जास्त वेळ आणि पाणी लागते. हवेतला ओलावा काढून तीच हवा पुन्हा फिरवणारी उष्मापंपाची यंत्रे एका युनिटमागे दोन-तीन किलो पाणी काढू शकतात, पण गावातल्या चार-दोन कातड्यांसाठी ती परवडत नाहीत.

वर्ध्याजवळ नालवाडीला 1930 च्या दशकात गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या कामातून चर्मालय चालले. त्यात मेलेल्या जनावरांची कातडी कमावण्यावर भर होता. याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मेलेली ढोरे ओढणे सोडा म्हणून सांगत होते. 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या असंख्य कुटुंबांनी ते काम कायमचे सोडले, आणि ते योग्यच होते. उन्हावरचे काम फुकटचे दिसत होते, कारण त्यातली मेहनत आणि अपमान कुणी मोजला नव्हता. 2015 पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली; आता उरतात मुख्यतः शेळ्या-मेंढ्या, म्हशी आणि आपसूक मेलेली जनावरे.

वाळलेले कातडे हवेतला ओलावा पुन्हा घेत राहते. म्हणूनच वाजवण्याआधी डफडे शेकोटीवर धरतात: मिनिटा-दोन मिनिटांत ओल उडते, कातडे ताणले जाते आणि मऊ पडलेला आवाज खणखणीत होतो. फार जवळ धरले तर तेच कातडे आकसून चिरते.