चुकीची दोषसिद्धी आणि फाशीची शिक्षा

चुकीची दोषसिद्धी आणि फाशीची शिक्षा : निरपराध व्यक्तीला न्यायालयाने दोषी धरून मृत्युदंड देण्याच्या शक्यतेतून उद्भवणारा नैतिक प्रश्न. साक्षीदाराची नजर, तपास अधिकाऱ्याची घाई, पंचनाम्यातील त्रुटी आणि वकिलाची अपुरी तयारी यांमुळे कोणत्याही न्यायव्यवस्थेत चुका होतात. तुरुंगात गेलेली वर्षे परत मिळत नाहीत हे खरे. परंतु चूक उघडकीस आली तर तुरुंगातला माणूस घरी जाऊ शकतो. फाशी दिलेल्या माणसाच्या बाबतीत ही वाटच उरत नाही. या शिक्षेविरुद्धच्या इतर आक्षेपांवर मतभेद होऊ शकतात, या आक्षेपाला मात्र समर्थकांकडूनही समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने फाशीसाठी विशेष कारणे नोंदवणे आवश्यक केले, आणि बच्चनसिंग खटल्यात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणांपुरती मर्यादित करून तिची घटनात्मकता मान्य केली. न्या. पी. एन. भगवती यांनी याच खटल्यातील, १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भिन्न मतात ही शिक्षा घटनाबाह्य ठरवली. न्यायालयीन चुकीची शक्यता आणि शिक्षेची अपरिवर्तनीयता हा त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार होता. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. मराठवाड्यातील जिल्ह्यांची अशी प्रकरणे १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे जातात. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयातील अपील, फेरविचार याचिका आणि राज्यपाल व राष्ट्रपती यांच्याकडील दयेचा अर्ज असे टप्पे आहेत. इतक्या चाळण्यांतून चूक निसटणार नाही असे मानले जाते, पण मराठवाड्यातील सहा मजुरांच्या प्रकरणाने हा समज खोटा ठरवला.

जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात पेरूच्या बागेतील झोपडीत राहणाऱ्या कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांचे खून झाले, सामूहिक बलात्कार झाला. या गुन्ह्यासाठी जालना जिल्ह्यातील भोकरदन भागातील भटक्या जमातीच्या सहा जणांना अटक झाली. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २००९ रोजी पुन्हा सर्वांनाच फाशी दिली. फेरविचार याचिकाही फेटाळली गेली. पुढे २०१४ मध्ये, फाशीच्या प्रकरणांतील फेरविचार याचिकांवर खुल्या न्यायालयात सुनावणी झालीच पाहिजे असा निर्णय घटनापीठाने दिल्यामुळे हे प्रकरण पुन्हा उघडले, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. त्यांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

मुक्ततेला कारण झालेला पुरावा नव्याने सापडलेला नव्हता, तो पहिल्यापासून कागदपत्रांत होता. हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेला पोलिसांनी घटनेनंतर गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा अल्बम दाखवला होता. तिने त्यातील चार चेहरे ओळखले होते, आणि ते चौघेही या सहा जणांपैकी नव्हते. त्या चौघांचा पुरेसा तपास झाला नाही आणि ही बाब खटल्यात दडवली गेली. पुढे ओळख परेडमध्ये या सहा जणांकडे बोट दाखवले गेले, आणि तीन न्यायालयांनी ते ग्राह्य धरले.

आरोपी भटक्या जमातीचे, अत्यंत गरीब मजूर असल्याने त्यांना खोटेपणाने गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मुक्ततेच्या निकालात नमूद केले. मराठवाड्यात या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १८७१ च्या ब्रिटिश कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी कुठे दरोडा पडला की पोलिसांची गाडी आधी पालावर येते, हा पारधी, वडार, कैकाडी वस्त्यांचा अनुभव राहिला. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेला माणूस एखाद्या रात्री कुठे होता हे सिद्ध करणारा कागद बहुधा नसतो. मुकादमाच्या वहीत उचल लिहिलेली असते, हजेरी नसते. जामीनदार मिळत नाही, आणि वकील बरेचदा पहिल्या तारखेलाच भेटतो. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालानुसार देशातील फाशीच्या कैद्यांपैकी ७४.१ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते.

चूक कायद्याच्या अन्वयार्थातही होते. राजस्थानातील रावजी खटल्यात शिक्षा ठरवताना गुन्हेगाराची परिस्थिती नव्हे, तर गुन्ह्याचे स्वरूप पाहावे असे म्हटले गेले आणि आरोपी रावजीला मे १९९६ मध्ये फाशी देण्यात आली. भोकरदनच्या सहा जणांना फाशी देतानाही याच निकालाचा आधार घेतला गेला. त्यानंतर अवघ्या १३ दिवसांनी, १३ मे २००९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने महाराष्ट्रातील एका खटल्यात रावजी निकाल बच्चनसिंग निर्णयाशी विसंगत असल्याचे स्पष्ट केले. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा सदोष निकालांमुळे फाशीच्या छायेत असलेल्या कैद्यांची शिक्षा कमी करण्याची विनंती केली. रावजीसाठी तेव्हा फार उशीर झाला होता.

फाशीची अंमलबजावणी लांबते अशी तक्रार नेहमी होते. पीडितांच्या कुटुंबांच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे. मात्र भोकरदनचे सहा जण वाचले ते या विलंबामुळेच. पुण्यात १९९४ मध्ये झालेल्या सात जणांच्या हत्याकांडातील एका दोषीचे वय गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षे होते, हे शाळेच्या नोंदींवरून मार्च २०२३ मध्ये मान्य झाले आणि २८ वर्षांहून अधिक तुरुंगवासानंतर त्याची सुटका झाली. त्याचा गुन्हा सिद्ध होता. चूक वयाबाबत होती, आणि बालकाला फाशी देता येत नाही. चुकीच्या दोषसिद्धीत पीडितांवरही अन्याय होतो. नाशिकच्या प्रकरणात सोळा वर्षे चुकीची माणसे तुरुंगात राहिली आणि प्रत्यक्षदर्शी महिलेने ओळखलेल्या चौघांचा माग घेण्याची वेळ निघून गेली.

विधी आयोगाने २६२ व्या अहवालात (२०१५) दहशतवादी गुन्हे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली, परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत ही शिक्षा कायम आहे. चुकीच्या खटल्यांत गोवल्या गेलेल्यांना भरपाई देण्यासाठी कायदेशीर तरतूद असावी, असे आयोगाच्या २७७ व्या अहवालात (२०१८) सुचवले होते. भोकरदनच्या सहा जणांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अधिकारात दिला. ही रक्कम सोळा वर्षांच्या मजुरीचाही हिशेब भागवणारी नाही.