पोटऱ्यांना कळणारा डोंगर

संभाजीनगरजवळच्या म्हैसमाळचा चढ पहिल्यांदा धावलो तेव्हा मनगटावरचं घड्याळ बिघडलंय असंच वाटलं. शहरात सपाट रस्त्यावर किलोमीटरला साडेसहा मिनिटं लागायची. इथे दहा मिनिटं झाली तरी किलोमीटर सरेना, आणि छाती शर्यतीत असल्यासारखी धडधडत होती. घड्याळात काही बिघाड नव्हता. मी अंतर मोजत होतो आणि शरीर उंचीचा हिशेब करत होतं, एवढंच.

हा हिशेब इटलीतल्या आल्बेर्तो मिनेट्टी या शरीरशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये नीट मांडला. चढ-उतार बदलता येणाऱ्या फिरत्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) त्यांनी डोंगरातल्या धावपटूंना पळवलं आणि त्यांच्या श्वासातला ऑक्सिजन मोजला. त्यांच्या आकड्यांनुसार शंभर मीटरला दहा मीटर चढणाऱ्या वाटेवर सपाटीच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट ऊर्जा लागते. चढ दुप्पट झाला, म्हणजे शंभराला वीस, की अडीचपट. उलट तेवढ्याच उतारावर सपाटीच्या निम्मीच ऊर्जा पुरते. उतार त्याहून तीव्र झाला तर मात्र खर्च पुन्हा वाढू लागतो, कारण तिथे स्वतःला आवरण्यातच ताकद जाते. म्हणून खड्या चढावर निमूट चालायला लागणं हा कमीपणा नाही. तिथे हळू धावण्यापेक्षा भराभर चालणं शरीराला स्वस्त पडतं.

याच मिनेट्टीने त्याआधी, १९९५ मध्ये, दुसरा एक प्रश्न विचारला होता. ठरावीक उंची गाठायची तर वाट किती चढाची असावी? सरळ नाकासमोर चढलं तर दम जातो, फार वळसे घेतले तर अंतर वाढतं. उत्तर आलं शंभराला सुमारे पंचवीस. चार पावलं पुढे, एक पाऊल वर. बालाघाटातल्या एखाद्या माळावर उभं राहून गुरांच्या वाटा बघा. गुरं डोंगराला कधी सरळ भिडत नाहीत. तिरकी जातात, वळतात, पुन्हा तिरकी. मी काही त्या वाटा मोजलेल्या नाहीत, पण अनोळखी डोंगर चढायचा असेल तर मी मोबाइलवरच्या नकाशापेक्षा शेणाच्या पवट्यांवर जास्त विसंबतो.

आता पायाखालच्या दगडाकडे येऊ, कारण मराठवाड्यात धावण्याची खरी गंमत तिथे आहे. आपल्याकडचे डोंगर वर उचलले गेलेले नाहीत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थरावर थर बसून पठार झालं आणि नंतर नद्यांनी ते कोरलं. मागे उरलं ते अजिंठ्याच्या आणि बालाघाटाच्या रांगांचं रूप. भूगर्भशास्त्रात या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना.

आणि हा जिना पायाला खरोखर लागतो. विहीर खोदणाऱ्यांना त्याच्या पायऱ्या नावानिशी ठाऊक असतात. एक काळा पाषाण, घट्ट, सुरुंगाशिवाय न हलणारा. दुसरा मांजऱ्या, म्हणजे लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी भोकं पडलेला आणि त्या भोकांत पांढरी खनिजं भरलेला मऊ खडक. पाऊस-उन्हात मांजऱ्या लवकर झिजतो, त्याचा सौम्य उतार होतो. काळा पाषाण झिजत नाही, तो कडा होऊन उभा राहतो. त्यामुळे आपल्याकडचा चढ एकसारखा कधीच नसतो. थोडं पळा, मग हात टेकून चढा, मग एकदम सपाट माळ, पुन्हा तेच. वेरूळची लेणी अशाच एका कड्याच्या पोटात आहेत. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांमधल्या काळात तयार झालेली ती माती, वरून आलेल्या लाव्ह्याने भाजली गेलेली. थरांच्या सांध्यातून पाणी झिरपतं, म्हणून दिवाळीनंतरही डोंगराच्या कमरेला हिरवी रेघ राहते. दिसायला सुंदर. धावणाऱ्याने तिथे शेवाळ गृहीत धरावं.

झिजलेल्या खडकाचा मुरूम होतो. उतारावर मुरूम म्हणजे फरशीवर सांडलेली ज्वारी! टाच रोवली की पाय घसरलाच. लहान, भराभर पावलं टाकायची आणि अंगाचा भार पायाच्या बरोबर वर ठेवायचा. पण याच मुरमाचे उपकारही आहेत. त्यातून पाणी लगेच निचरतं, त्यामुळे भर पावसाळ्यात माळावरची वाट धावण्याजोगी राहते. खाली काळ्या रानात मात्र पाऊल टाकायची सोय नाही. काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे असतात, त्यांच्यामध्ये पाणी शिरतं, माती फुगते आणि बुटाला भाकरीएवढे लगदे चिकटतात. प्रत्येक बुटाचं वजन शंभर ग्रॅमने वाढलं तर धावण्याचा खर्च साधारण एक टक्का वाढतो, असं प्रयोगांत दिसलंय. पहिल्या पावसानंतर परंड्याकडच्या एका शिवारात माझ्या बुटांना किती माती होती ते तोललं नाही, पण शेवटचा अर्धा किलोमीटर मी बूट हातात घेऊन आलो.

चढाने दम जातो, पण दुखणं देतो तो उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आवळलेला असतानाच ताणला जातो, कारण तो ब्रेकचं काम करत असतो. अशा ताणात स्नायूतंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. ‘लॅक्टिक आम्ल साठलं’ असं व्यायामशाळेत अजून सांगतात. ते खरं नाही, हे आम्ल तर धावणं संपल्यावर तासा-दोन तासांतच निघून जातं. म्हैसमाळहून उतरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मला एसटीच्या पायऱ्या पाठमोरं उतराव्या लागल्या होत्या, कंडक्टर हसत होता. समाधान इतकंच की स्नायू हे लक्षात ठेवतात. एकदा असा मार बसला की पुढचे काही आठवडे तोच उतार पुष्कळ कमी दुखावतो.

किनवट-माहूरकडच्या सागाच्या जंगलात धोका वेगळा. साग उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकतो, आणि सागाचं एक पान पडलं तरी ताटाएवढं. खाली दगड आहे की खळगा, कळत नाही. घोटा मुरगळायला लागल्यापासून स्नायूने आवळून त्याला सावरेपर्यंत सेकंदाचा जवळपास दहावा भाग जातो, तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून शरीर पाय टेकण्याआधीच घोटा आवळून ठेवतं, आणि किती आवळायचा हे डोळे सांगतात. ओबडधोबड वाटेवर चालणाऱ्यांची नजर टिपली तेव्हा दिसलं की माणूस साधारण दीड सेकंद पुढचं, म्हणजे दोन-तीन पावलांपुढचं बघत असतो. पानांनी हीच दोन पावलं झाकली जातात. तिथे मी सरळ चालतो.

आपल्या जंगलाची आणखी एक तऱ्हा म्हणजे सावली हवी तेव्हाच ते उघडं पडतं. साग, सालई, पळस सगळे उन्हाळ्यात पाण्याची बचत करायला पानं गाळतात. साठ किलोचा माणूस दहा किलोमीटर धावला की साधारण ६०० किलोकॅलरी खर्च होतात, त्यातली तीन चतुर्थांश नुसती उष्णता. ती घालवायला पाऊण लिटरच्या वर घाम वाळावा लागतो. मार्चच्या कोरड्या हवेत तो इतक्या पटकन वाळतो की सदरा भिजतच नाही आणि घाम आलाच नाही असं वाटतं. पाठीवर मिठाचे पांढरे डाग दिसले की उमजतं. संध्याकाळपेक्षा सकाळ बरी, दिवसभर तापलेला काळा दगड संध्याकाळी उष्णता परत देत असतो. म्हैसमाळ १,०६७ मीटरवर, संभाजीनगरपेक्षा सुमारे ५०० मीटर उंच, तेव्हा हवा सरासरी तीन अंशांनी थंड. डिसेंबरच्या पहाटे मात्र उलटंही घडतं. जड गार हवा घळींत उतरून बसते आणि दरीत बोटं गारठतात, वर पठारावर जरा ऊब लागते.

गौताळा, येडशीचं रामलिंग, पाटोद्याजवळचं नायगाव, या वाटा देखण्या आहेत, पण ती अभयारण्यं आहेत. वनखात्याला विचारल्याशिवाय तिथे धावायचं नाही. गौताळ्यात बिबटे आहेत, आणि २०२४ च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक वाघ थेट येडशीपर्यंत आला होता. पहाटेच्या अंधारात पळत सुटलेला प्राणी कोणाला काय वाटेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

माझ्या आवडीचा महिना ऑक्टोबर. तेव्हा माळावर कुसळी गवत गुडघ्याएवढं पिवळं झालेलं असतं आणि मोज्यांत कुसळं घुसतात. कुसळाला बीजाच्या मागे लांब शेपटी असते. ओल लागली की तिचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो. रात्रीच्या दवाने आणि दिवसाच्या उन्हाने असं मागेपुढे फिरत बी गिरमिटासारखं जमिनीत शिरतं. मोज्यात दवाचं काम घाम करतो, आणि कुसळावरचे राठ केस त्याला मागे फिरू देत नाहीत. परवा खुलताबादला चहाच्या टपरीवर बसून मोजे उलटे करून एकेक कुसळ उपटत होतो. टपरीवालीने बघितलं आणि म्हणाली, “धुण्यात टाकू नका दादा, सगळ्या कपड्यांत जातेत.”