केटामाइनचे दोन तास आणि नंतरचे महिने

तालुक्याच्या गावी एखाद्या छोट्या दवाखान्यात निखळलेला खांदा बसवायचा असो की भाजलेल्या लेकराचं ड्रेसिंग बदलायचं असो, भूलतज्ज्ञाच्या ट्रेमध्ये केटामाइन हाताशी असतं. स्वस्त औषध आहे. भुलेच्या बहुतेक औषधांनी श्वास मंदावतो आणि रक्तदाब खाली येतो. केटामाइनने मात्र श्वास सहसा चालू राहतो आणि बीपी उलट थोडं वर जातं. त्यामुळे मोठी यंत्रं नसतील तिथेही त्याच्यावर भिस्त ठेवता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे.

हेच औषध आता मानसोपचारतज्ज्ञ नैराश्यावर सुचवतात, तेव्हा घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘म्हणजे भूल देणार का?’ नाही. भुलेसाठी शिरेतून वजनाच्या दर किलोमागे साधारण १ ते २ मिलिग्रॅम देतात, तेही मिनिटभरात. नैराश्यासाठीचा नेहमीचा डोस किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, आणि तो सलाईनमधून ४० मिनिटांत हळूहळू सोडतात. ७० किलोच्या माणसाला एका बैठकीत ३५ मिलिग्रॅम. एवढ्याने माणूस जागाच राहतो, आणि अडचण तिथेच सुरू होते. भुलेत काय झालं ते कळत नाही. इथे सगळं कळतं.

निदान दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही ज्यांचं नैराश्य हटलं नाही, अशांसाठी हा उपचार आहे. या उपचाराच्या दुष्परिणामांची दोन वेळापत्रकं आहेत. एक दोन तासांचं, दुसरं महिन्यांचं. पहिलं फार नाट्यमय असतं, म्हणून रुग्ण आणि नातेवाईक त्यालाच घाबरतात. दुसऱ्याबद्दल कुणी विचारत नाही. माझ्या मते काळजीची वाटणी नेमकी उलटी व्हायला हवी.

आधी ते दोन तास. सलाईन सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटं झाली की जीभ आणि ओठ बधिर वाटतात, अंग हलकं होतं, आवाज लांबून येतात. कुणाला आपले हात खूप लांब झाल्यासारखे वाटतात, कुणी छताजवळून स्वतःकडेच पाहत असतं. घड्याळाचा भरवसा उरत नाही. पाच मिनिटं तासासारखी लांबतात. देहभान हरपणं हा शब्द आपण कीर्तनात ऐकतो, इथे तो अक्षरशः घडतो. काहींना ते सुखद वाटतं, काहींना ‘आता आपण परत येणारच नाही’ अशी धडकी भरते.

हा प्रकार पहिल्यांदा नोंदवला गेला तो १९६४ साली अमेरिकेत. पार्क-डेव्हिस कंपनीसाठी काल्विन स्टीव्हन्स यांनी १९६२ मध्ये हा रेणू बनवला होता. एडवर्ड डॉमिनो आणि गुंटर कॉर्सेन यांनी मिशिगनच्या तुरुंगातल्या स्वयंसेवकांवर तो वापरून पाहिला. डोळे उघडे, पण माणूस जागेवर नाही, याला म्हणायचं काय? डॉमिनोंनी घरी वर्णन केलं आणि त्यांच्या पत्नीने ‘डिसोसिएटिव्ह’ हा शब्द सुचवला. घरात सुचलेलं ते नाव आज जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत आहे.

असं का होतं? मेंदूतल्या पेशी ग्लुटामेट नावाच्या रसायनाने एकमेकींना निरोप धाडतात. तो निरोप घेणारं एक दार म्हणजे एनएमडीए रिसेप्टर. केटामाइन त्या दारात अडसर घालतं. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं आणि स्वतःच्या शरीराची जाणीव यांची मोट बांधण्याचं काम त्यामुळे तात्पुरतं ढिलं पडतं. त्याच वेळी इतरांना आवर घालणाऱ्या काही पेशीही गप्प होतात, ग्लुटामेटचा लोंढा दुसऱ्या वाटेने सुटतो, आणि पेशींमधले सुकलेले दुवे पुन्हा फुटण्याची प्रक्रिया सुरू होते, असं संशोधकांचं सध्याचं अनुमान आहे. म्हणजे हवा असलेला आणि नको असलेला परिणाम एकाच दारातून आत शिरतात. भान सुटल्याची अवस्था औषध उतरेल तशी, दीड-दोन तासांत, उतरते. दुव्यांचं काम पुढे चालू राहतं.

या अवस्थेवर सर्वांत चांगला उतारा म्हणजे आधी सांगून ठेवणं. ज्याला ‘असं असं वाटेल, आणि ते ओसरेल’ हे ठाऊक आहे, तो कमी घाबरतो. खोलीत मंद उजेड हवा, फोन बंद हवा, डोळ्यांवर पट्टी आणि कानात शब्द नसलेलं संगीत बऱ्याच जणांना चालतं. जवळ बसलेल्याने प्रश्नांची सरबत्ती करू नये. ‘मी इथेच आहे, औषधाचा असर आहे, उतरेल’ एवढं पुरे. भीती फार वाढली तर सलाईनचा वेग कमी करतात किंवा ते थांबवतात. शांत करणारं इंजेक्शन हाताशी असतं, पण पहिल्या झटक्याला ते देत नाहीत.

त्याचं कारण आपल्याकडे विशेष लागू आहे. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या आपल्याकडे ‘झोपेची गोळी’ म्हणून वर्षानुवर्षं सर्रास घेतल्या जातात, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर त्यांची आठवण होत नाही. या गटातली औषधं, ते शांत करणारं इंजेक्शनही त्यांतलंच, केटामाइनचा नैराश्यावरचा परिणाम कमी करत असावीत, असं अनेक अभ्यासांतून दिसतं. म्हणून त्या गोळ्या लपवू नयेत आणि मनाने बंदही करू नयेत. एकदम सोडल्या तर फिट येऊ शकते.

रक्तदाबाचं गणित सरळ आहे. डोस सुरू झाल्यावर साधारण ४० मिनिटांनी तो सर्वांत वर असतो आणि हळूहळू खाली येतो. म्हणून आधी, मध्ये आणि शेवटी मोजतात. सुरुवातीलाच १४०/९० च्या वर असेल तर डॉक्टर त्या दिवशीचा डोस द्यावा की नाही याचा पुन्हा विचार करतात. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा असेल, पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर हा उपचार करत नाहीत. भ्रम-भासांच्या आजाराचा इतिहास, गरोदरपण, व्यसन हेही आधीच सांगायचं. बीपीची रोजची गोळी त्या सकाळी घ्यायची का, हे विचारून घ्या; ‘उपाशीपोटी यायला सांगितलं’ म्हणून ती परस्पर टाळणारे बरेच असतात.

मळमळ होते, कधी उलटी. पोट रिकामं असेल तर त्रास कमी. एस्केटामाइन हे केटामाइनचंच एक रूप; नाकात मारायच्या त्याच्या स्प्रेच्या सूचनांत दोन तास आधी खाणं आणि अर्धा तास आधी पाणी बंद सांगितलं आहे. सलाईनसाठी दवाखाना सांगेल ते तास पाळायचे. बुबुळं आडवी थरथरतात, म्हणून दृष्टी हलते आणि चक्कर येते. मान न हलवता डोळे मिटून पडावं. उलटी थांबवायला ऑनडान्सेट्रॉनची गोळी किंवा इंजेक्शन असतं. स्प्रे घशात उतरला की तोंड कडू होतं, बस्स.

मग घरी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०१९ मध्ये एस्केटामाइनला मान्यता देताना अट घातली: औषध दवाखान्यातच घ्यायचं, नंतर निदान दोन तास देखरेखीखाली बसायचं, आणि रात्रभर नीट झोप होऊन दुसरा दिवस उजाडेपर्यंत गाडी चालवायची नाही. आपल्याकडे ‘स्कूटर खाली लावलीय, जातो हळूहळू’ हे वाक्य हमखास येतं. ते चालणार नाही. सोबत कुणीतरी हवं, आणि त्या दिवशी बँकेच्या कागदांवर सह्या किंवा सोयरिकीची बोलणी नकोत.

आता ते महिन्यांचं वेळापत्रक. २००७ साली टोरांटोच्या डॉक्टरांनी नऊ रुग्णांची हकीकत छापली. नऊही जण नशेसाठी केटामाइन घेणारे. सतत लघवीला जावं लागणं, जळजळ, ओटीपोटात कळा, लघवीत रक्त. मूत्राशयाच्या आतलं अस्तर सोललं जाऊन पिशवी आकसली होती. केटामाइन आणि त्याच्यापासून शरीरात बनणारे पदार्थ लघवीवाटे बाहेर पडताना मूत्राशयात तासन्‌तास साचून राहतात आणि अस्तराला इजा करतात, असं मानलं जातं. नंतर हाँगकाँग, ब्रिटन, सगळीकडून अशा नोंदी आल्या.

इथे डोसचं प्रमाण समोर ठेवायला हवं. नशा करणारे दिवसाला ग्रॅमच्या हिशेबात घेतात. वर काढलेल्या हिशेबाने ७० किलोच्या रुग्णाने आठवड्यातून दोनदा असं महिनाभर घेतलं तरी बेरीज २८० मिलिग्रॅम होते. एस्केटामाइनच्या वर्षभरापर्यंत चाललेल्या चाचण्यांत औषधामुळे मूत्राशयाला अशी सूज आल्याचं एकही प्रकरण दिसलं नाही. वारंवार लघवी, जळजळ अशा तक्रारी मात्र प्लासिबोपेक्षा, म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या औषध नसलेल्या स्प्रेपेक्षा, जास्त होत्या. तेव्हा घाबरण्याचं कारण नाही, पण उपचार महिनोन्‌महिने चालणार असेल तर दर फेरीला लघवीबद्दल विचारलं गेलं पाहिजे, आणि डॉक्टर विसरले तर आपण सांगायचं. आपल्याकडे, विशेषतः बायका, लघवीची तक्रार ‘उन्हाळी लागली’ म्हणून धणे-जिऱ्याच्या पाण्यावर काढतात. केटामाइन चालू असताना असं करू नये. वेळेत औषध थांबवलं तर बरेच जण सुधारतात. वारंवार डोस घेणाऱ्यांत यकृताची तपासणीही अधूनमधून करतात.

दुसरा हळू येणारा धोका म्हणजे सवय. नट मॅथ्यू पेरी यांचा ऑक्टोबर २०२३ मध्ये मृत्यू झाला, आणि शवविच्छेदनात केटामाइनचा तीव्र परिणाम हे मुख्य कारण निघालं. ते दवाखान्यात हा उपचार घेत होते, म्हणून ‘उपचारानेच मारलं’ अशी बातमी पसरली. पण त्यांची शेवटची बैठक सुमारे दीड आठवड्यापूर्वी झाली होती आणि केटामाइन रक्तातून काही तासांतच उतरू लागतं. सापडलेलं प्रमाण भूल देताना असतं तेवढं होतं. ते बाहेरून, देखरेखीशिवाय आलेलं होतं. त्याच महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने घरपोच मिळणाऱ्या केटामाइनबद्दल इशारा दिला होता. भारतात हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणि शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक बंधनं असलेल्या औषधांच्या यादीत, येतं. घरी घेण्यासाठी कुणी देऊ करत असेल तर तिथून निघावं.

आणखी एका परिणामाला दुष्परिणाम म्हणत नाहीत, पण रुग्णाला तो तसाच भोवतो: औषध ओसरणं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २००६ मधल्या छोट्या अभ्यासात केटामाइन घेतलेल्यांपैकी ७१ टक्क्यांना एका दिवसात उतार पडला; आठवडाभर तो ३५ टक्क्यांमध्येच टिकला. वर्षांनंतर मळभ हटलं आणि पाचव्या दिवशी परत दाटलं, तर त्या माणसाला पूर्वीपेक्षाही खोल गेल्यासारखं वाटू शकतं. हे घरच्यांना आधीच माहीत हवं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. नेहमीच्या गोळ्या आणि समुपदेशनही याच कारणाने सोडायचं नसतं.

शॉक ट्रीटमेंटशी तुलना हवी असेल तर २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे ४०० रुग्णांवर केलेली चाचणी आहे. तीन आठवड्यांनी केटामाइनने ५५ टक्के आणि शॉकने ४१ टक्के रुग्णांना ठळक फरक पडला. यात भ्रम-भास असलेले रुग्ण नव्हते, हे ध्यानात ठेवायचं. दुष्परिणामही वेगळे निघाले: शॉकने स्मरणशक्तीवर आणि स्नायूंवर, केटामाइनने भानावर.

पण भान सुटणं हा खरंच निव्वळ दुष्परिणाम आहे का? काहींच्या मते तेच औषध. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक चतुर प्रयोग छापला. नैराश्य असलेल्या ४० जणांना दुसऱ्याच कारणासाठी ऑपरेशन करायचं होतं. पूर्ण भुलेत असताना निम्म्यांना केटामाइन दिलं, निम्म्यांना साधं सलाईन. कुणालाच काही जाणवलं नाही, आणि दोन्ही गट सारखेच सुधारले. अनुभव हरवला म्हणून फरक मिटला, की आशेनेच दोघांना उभं केलं, की भुलेच्या औषधांनी गोंधळ केला, यावर वाद चालू आहे. उलट बाजूला, ज्याचं भान जास्त सुटलं त्याला जास्त गुण आला, असं नातं अनेक अभ्यासांत जोडूनही पक्कं जुळलेलं नाही.

म्हणून पहिल्या बैठकीनंतर कुणी खट्टू होऊन म्हणालं, ‘मला तर काहीच झालं नाही, डोस वाढवा की,’ तर डॉक्टर लगेच मान डोलावत नाहीत. ते चोवीस तासांनी फोन करायला सांगतात आणि विचारतात: रात्री झोप कशी लागली, सकाळी उठून चहा केलात का?