वाचनसाहाय्य (उच्च प्राथमिक व माध्यमिक स्तर)

सहावी ते बारावीच्या वर्गात असूनही ज्यांना पाठ्यपुस्तकाचे पान स्वतः वाचून समजत नाही, अशा विद्यार्थ्यांसाठीची खास शिकवणी, सराव आणि सवलती यांना एकत्रितपणे वाचनसाहाय्य म्हणतात. मूल चौथीपर्यंत वाचायला शिकते आणि पुढे वाचून शिकते, असे धरूनच अभ्यासक्रम आखलेले असतात. पहिला टप्पा राहून गेला की इतिहास, विज्ञान, गणितातली शाब्दिक उदाहरणे असे सगळेच अडते. ‘असर’ या शिक्षणाच्या स्थितीवरील अहवालासाठीच्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयोगटातल्या सुमारे २५ टक्के मुलामुलींना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन व अंकज्ञानाच्या केंद्र सरकारी अभियानाचा भर तिसरीपर्यंतच्या वर्गांवर आहे. त्यापुढच्या मुलांचे काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

सगळ्यांची अडचण एकसारखी नसते. वाचनाचे अभ्यासक फिलिप गॉफ व विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडले की, लिपीचा उलगडा आणि भाषेची समज यांच्या गुणाकारातून वाचन साधते. एक शून्य असेल तर दुसरे कामी येत नाही. हे तपासायला महागडी चाचणी लागत नाही. मुलाला बाजूला घेऊन एक उतारा वाचायला द्यावा, नंतर तशाच पातळीचा दुसरा आपण वाचून दाखवावा आणि दोन्हींवर प्रश्न विचारावेत. ऐकलेले समजले पण वाचलेले नाही, तर गाडी लिपीशी अडली आहे. ऐकूनही समजले नाही, तर शब्दसंग्रह कमी पडतो आहे किंवा पुस्तकी मराठी त्याला परकी आहे. घरी वारली, पावरा, कोरकू वा गोंडी बोलणाऱ्या मुलांबाबत हा फरक न ओळखणे अन्यायाचे होते.

मराठीत अडणारी मोठी मुले सहसा सुट्या अक्षरांशी अडत नाहीत. ती जोडाक्षरांशी, रफाराशी आणि पहिल्या वेलांटीशी अडखळतात. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी डोळ्यांना सर्वांत आधी दिसते, पण उच्चारात ती ‘स्थ’नंतर येते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. फरक एका खुणेचा. त्यातच सामान्यरूपे, प्रत्यय आणि समास यांमुळे शब्द लांबत जातात. ‘उष्णकटिबंधीय’ हा शब्द भूगोलाच्या शिक्षकांनी फळ्यावर उष्ण, कटि, बंध असा फोडून दाखवला, तर तो वाचताही येतो आणि समजतोही. हे काम एकट्या मराठीच्या शिक्षकांवर सोडून चालत नाही.

ओघ येण्यासाठी एकच छोटा उतारा पुन्हा पुन्हा वाचण्याची पद्धत संशोधक एस. जे. सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये मांडली. ती आजही वापरात आहे. सलग वाचूनही अर्थ न लागणाऱ्यांसाठी ॲनमेरी पॅलिंक्सर व ॲन ब्राउन या संशोधिकांची १९८४ ची पद्धत उपयोगी आहे. सातवीतल्या अशाच मुलांबरोबर त्यांनी ती वापरली होती: गटातली मुले आळीपाळीने शिक्षकाची जागा घेतात, पुढे काय येईल याचा अंदाज बांधतात, प्रश्न विचारतात, न कळलेले उकलतात आणि सारांश सांगतात.

सर्वांत नाजूक भाग मुलाच्या मानाचा. मिसरूड फुटलेल्या मुलाच्या हाती पहिलीचे पुस्तक दिले की तो वाचनच सोडतो. क्रिकेट सामन्याची बातमी, एसटीचे वेळापत्रक, बियाण्याच्या पाकिटावरच्या सूचना असा वयाला साजेसा, छोट्या वाक्यांचा मजकूर हवा. पूर्वतयारीशिवाय भर वर्गात मोठ्याने वाचायला लावू नये. उतारा आदल्या दिवशी द्यावा.

सराव करूनही फरक पडत नसेल तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी सामान्य असूनही वाचन, लेखन वा आकडेमोडीत येणाऱ्या अडचणीची, तपासणी आवश्यक ठरते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात, मात्र त्यासाठीची तपासणी आठवी-नववीतच करून घ्यावी, कारण दहावीच्या वर्षी तिला वेळ उरत नाही.